दमलात? मग बसून दमा!

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून त्या दोनदा टाळी वाजवायच्या. "दमलात? मग बसून दमा! आडवं पडून नाही." हातमोज्यांमुळे टाळीचा आवाज फुसका यायचा, तरी आम्ही सगळे पेशंट दचकायचो. कोरोनाच्या लाटेत नाशिकच्या एका रुग्णालयात या फिजिओथेरपिस्ट बाईंशी माझी गाठ पडली. तुमच्याही आयुष्यात असं माणूस आलं असेल, ज्याचा आधी फक्त राग येतो.

माझं पोट तेव्हा शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं. नाकाला ऑक्सिजन होता. पालथं झोपायला सांगितलं की पोट आडवं यायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "मॅडम, इथे श्वास पुरत नाही आणि तुम्ही पाय हलवायला सांगता?"

"काका, पोटाची चरबी फुप्फुसांना खालून रेटतेय. ती काही आज उतरणार नाही. पण पडून राहिलात तर आहेत ते स्नायूही झडतील, आणि श्वास त्यांच्याच जोरावर चालतो. चला, पाय उचला."

शेजारच्या पलंगावर घोटीचे एक बाबा होते, काडीसारखे. मला त्यांचा हेवा वाटायचा. "यांचं बरं आहे, अंगावर चरबीच नाही," मी म्हणालो.

"स्नायूही नाहीत, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कफ काढायलाही ताकद लागते."

दुसऱ्याच दुपारी बाबांचा कफ घशात अडकला. चेहरा काळवंडला. बाई धावत आल्या, त्यांना उठवून बसवलं, पोटाशी उशी दाबून धरली.

"खोका बाबा, जोरात!"

"नाय व्हत, ताई... लय दमलो."

"होतंय. अजून एकदा. मी धरलंय."

अखेर कफ सुटला. बाईंच्या संरक्षक चष्म्यावर आतून वाफ साचली होती, ती पुसायचीही सोय नव्हती. पुढे बाबा बरे होऊन घरी निघाले, तेव्हा पाया पडायला वाकलेल्या बाईंच्या डोक्यावर त्यांनी नुसताच हात ठेवला.

मीही इंदिरानगरला घरी आलो. पण खुर्चीतून उठायला बायकोचा हात लागायचा. वजनाची धास्ती बसली होती, म्हणून मी जेवणच सोडलं. शेवटी बायकोने फोन करून बाईंना बोलावलं. त्या घरी आल्या, माझी मांडी अंगठ्याने दाबून पाहिली आणि बायकोला विचारलं, "काकू, हे उपाशी राहतात का?" बायकोने सरळ "हो" सांगून टाकलं.

"काका, असं केलंत तर चरबीबरोबर मांसही जाईल. वजन उतरवा, पण डाळ, अंडी, पनीर खाऊन. आणि हात न टेकता उठायची सवय करा."

मी जेवू लागलो, उठू लागलो, चालू लागलो. पोट हळूहळू आत गेलं. पुढे एका हिवाळ्यात फ्लूने घर गाठलं. मी तापलो, खोकलो, पण या वेळी घरच्या घरीच बरा झालो. नशीबही असेल. मी मात्र मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला.

गेल्या वर्षी त्या वणीला, वडिलांजवळ राहायला गेल्या. निरोप द्यायला गेलो तर व्यायामाचं लाकडी टेबल जिन्यात अडकलेलं. मी एक बाजू उचलली.

"काका, सोडा, हमाल आहेत!"

मी सोडलं नाही. खाली टेम्पोत टेबल चढवलं तेव्हा मला धाप लागलेली नव्हती. आभार मानायचे ठरवून गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं, "सावकाश जा." त्यांनी माझ्या दंडावर हलकी चापट मारली, स्कूटीला किक मारली आणि टेम्पोच्या मागोमाग त्या वळणाआड गेल्या.