टेकडीचं पाणी आणि ‘काढू नये’

अच्युत पिंपळखुटे मूळचे नागपूरचे, पण भोपाळच्या टाउनशिपमध्ये तेहतीस वर्षं काढल्यावर भांडणही ते नोटशीटवर करत. तोंडी भांडणाला जावक क्रमांक नसतो, हे त्यांचं दुःख होतं.

टाउनशिपच्या कोणत्या ब्लॉकला किती वाजता पाणी सोडायचं, याचं रोजचं वेळापत्रक त्यांचा प्रोग्रॅम काढायचा. तो त्यांनी चारचौघांसारखा लिहिला नव्हता. चारशे पानांचा एक दस्तऐवज होता. त्यात आधी मराठीत दोन पानं कारण, मग कोडचा एक तुकडा, मग पुन्हा कारण. ‘टेकडीवरच्या ब्लॉकला आधी पाणी द्यावे. खालचे व्हॉल्व्ह उघडे असतील तर पाणी वर चढत नाही.’ प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक ओळ असे: ‘काढावे’ किंवा ‘काढू नये’. बटण दाबलं की फक्त ‘काढावे’वाले तुकडे वेचून, जोडून, चालणारा प्रोग्रॅम तयार होई. ‘काढू नये’वाले तुकडे म्हणजे जुन्या साहेबांच्या फसलेल्या कल्पना. पिंपळखुट्यांनी त्या फेकल्या नव्हत्या. मुडदे जपून ठेवावेत तशा जपल्या होत्या, खाली मृत्यूचं कारण लिहून.

दोन हजार नऊच्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. जानेवारीत पुण्याहून विनायक टेंभेकर साहेब म्हणून आले. वयानं पंधरा वर्षांनी लहान, आवाजानं दुप्पट मोठे.

“मला कोड द्या. हे पुराण नको,” टेंभेकर म्हणाले. “तुम्ही गेलात की मशीनवरून पुसून टाकू.”

“पुराण वाचलंत का?”

“मी इंजिनिअर आहे, कीर्तनकार नाही.”

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. टेबलांमध्ये सहा फुटांचं अंतर, पण निरोप न्यायचं काम प्रमिला शेंडेकडे. प्रमिला भोपाळातच वाढलेली, क्लार्क, पिंपळखुट्यांच्याच टेकडीवरच्या ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी. “सर, साहेब पूछ रहे... म्हणजे विचारतायत, कोड कधी देणार?” “सांग, दस्तऐवज राहील असं लेखी मिळाल्यावर.” सहा फुटांवरून टेंभेकर छताकडे बघत म्हणत, “सांग, लेखी मिळणार नाही.”

शेवटी चोवीस मार्चच्या संध्याकाळी, पिंपळखुटे घरी गेल्यावर, टेंभेकरांनी दस्तऐवज स्वतः उघडला. प्रत्येक तुकड्यावरच्या त्या ओळी त्यांना कचरा वाटल्या. सगळ्या पुसल्या, अगदी वर एकच ओळ घातली: ‘सगळे काढावे’. बटण दाबलं. प्रोग्रॅम झकास बाहेर पडला. त्याच्याबरोबर मुडदेही उठून बाहेर पडले. सगळ्यात शेवटचा होता ‘सर्व ब्लॉकना एकदम सहा वाजता’. शेवटी आलेला हुकूम म्हणून मशीननं तोच पाळला.

सकाळी खालच्या बंगल्यांच्या टाक्या वाहिल्या आणि टेकडीवर नळांनी नुसती हवा सोडली. पिंपळखुट्यांच्या तोंडाला टूथपेस्ट तशीच राहिली.

ऑफिसात शिरताच त्यांनी स्क्रीन पाहिली आणि काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा पावणेदहा वाजले होते. दुरुस्ती दहा मिनिटांची. ते खुर्चीत टेकून बसले.

“प्रमिला, साहेबांना सांग, उपाय तीनशे बाराव्या पानावर मराठीत लिहिलाय.”

“सांग त्यांना, वेळ नाही वाचायला,” टेंभेकर म्हणाले. “दुरुस्त करा म्हणावं. हुकूम आहे.”

“हुकूम लेखी द्यावा. सोबत दस्तऐवज कायम ठेवण्याचाही.”

दुपारचं जेवण दोघांनी पाठीला पाठ लावून खाल्लं. टेकडीवरून फोन येत होते, व्हॉल्व्हमन दारात उभा राहून कंटाळून गेला. पावणेचारला वरिष्ठांचा फोन आला, तेव्हा टेंभेकरांनी नोटशीट ओढली आणि निब मोडेल अशा जोरानं लिहिलं: ‘सदर दस्तऐवज जतन करावा.’ सही केली. प्रमिला दुपारीच रजा टाकून गेली होती, म्हणून कागद स्वतःच पिंपळखुट्यांच्या टेबलावर आपटला. चार वाजता पिंपळखुट्यांनी जुन्या प्रतीतून ओळी परत घातल्या. पाचला टेकडीवर पाणी चढलं.

दुसऱ्या दिवशी पिंपळखुटे उत्साहानं दस्तऐवजात नवं प्रकरण लिहीत होते. टेंभेकरांच्या पराक्रमाला त्यांनी दीड पान दिलं आणि वर खूण घातली: ‘हे स्पष्टीकरण कोडसोबत काढावे’. म्हणजे पुढे जो कुणी प्रोग्रॅम उघडेल त्याला ते दिसणारच. मग जरा थांबून त्यांनी आणखी तीन ओळी लिहिल्या. बिघाड अच्युत पिंपळखुटे यांना पावणेदहाला कळला होता, दुरुस्ती त्यांनी चारला केली. त्यावर खूण घातली: ‘काढू नये’.

मागे प्रमिला उभी होती.

“सर, ये क्यों नहीं? हे का नाही काढायचं?”

“ते खाजगी आहे.”

“मी काल बंगल्यांच्या नळावरून अकरा बादल्या आणल्या. तिसऱ्या मजल्यावर. अर्धा दिवस रजा टाकून. घरात सासूबाई अंथरुणावर आहेत.” तिनं फाईल छातीशी धरली. “तुमचं खाजगी मी उचललंय, सर.”

पिंपळखुट्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तेहतीस वर्षांत त्यांनी स्वतःचा एकही तुकडा मुडद्यांत ठेवला नव्हता. त्यांनी ‘काढू नये’ पुसलं, ‘काढावे’ लिहिलं, आणि बटण दाबलं.

सहा फुटांवरून टेंभेकर छताकडे बघत म्हणाले, “प्रमिला, त्यांना विचार, माझं नाव बरोबर लिहिलंय ना?”

“सांग,” पिंपळखुटे म्हणाले, “माझ्या नावाच्या वरच आहे.”