घाटावरची पोपटी

पेणहून निघताना आईने माझ्या हातात एक मडकं दिलं आणि भांबुर्डीच्या पाल्याचं गाठोडं. चाकणच्या अलीकडे सासर असलेली माझी धाकटी बहीण शकू पहिलटकरीण होती आणि तिच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. निरोप आला होता की पोरगी वाळत चाललीय आणि एकसारखी पोपटी मागतेय. आता रानातल्या भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात शेंगा भाजून केलेली ही आपली पोपटी घाटावरच्यांना कुठून ठाऊक असणार! तेव्हा भावानेच जाणं आलं.

आगगाडीत बसून बोगद्यामागून बोगदे मोजत गेलो आणि एकदम आभाळच मोठं झालं. आपल्याकडे डोंगर दारात उभे असतात, इथे ते लांब सरकून बसलेत. चिंचवडला उतरलो तर थंडी इतकी कोरडी की ओठ तडकले. स्टेशनाबाहेर अब्दुलचाचा म्हणून टांगेवाले होते, त्यांचा टांगा ठरवला.

पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता. एवढं लोखंड मी जन्मात पाहिलं नव्हतं. टांगा थांबवायला लावून मी खाली उतरलो आणि आ वासून बघत राहिलो. परत आलो तर गाठोडं रिकामं!

"त्यातला पाला?" मी विचारलं.

"घोड्याला घातला. त्यानं तोंडबी न्हाई लावलं, मग दिला मजुरांच्या चुलीत," चाचा म्हणाले.

"अहो, बहिणीसाठी आणला होता तो! तिच्या पोटात अन्न राहत नाही."

चाचांचा चेहरा उतरला. "राव, रानातला पाला आगगाडीनं कोण आणतंय? मला काय ठावं?"

त्यांचंही खरंच होतं. पुढे इंद्रायणी ओलांडेपर्यंत ते प्रत्येक बांधाशी उतरून पाला हुंगत होते, पण भांबुर्डी काही मिळाली नाही.

शकू दारातच उभी होती. गालांची हाडं वर आलेली. "दादा, पाला आणलास?" हाच तिचा पहिला प्रश्न. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळं ऐकून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पाल्याला काय गाव असतंय व्हय? आमच्या रानात मूठभर हिरवं घावंल की." त्यांनी लसणाची पात, कोथिंबीर आणि ओव्याची पानं खुडून आणली. दुधाची तहान ताकावर, असं मनात म्हणत मी गाडगं (आपलं मडकं) भरायला बसलो. तळाशी पात घातली. वर पावट्याच्या शेंगा, कोवळी वांगी, रताळी, चाकणचे कांदे, मधे मधे जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी उरलेला पाला दाबून बसवला. सासूबाई तांब्या घेऊन उभ्याच.

"वाईच पाणी घाल, करपंल."

"थेंबभरही नाही, मावशी. तेलही नाही."

"आगं बया! मग शिजतंय कशानं?"

"आपल्याच वाफेनं."

मडकं पालथं घालून भोवती गोवऱ्या (आपल्या शेणी) रचल्या. जाळ बसल्यावर मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे आतलं शिजलं. पोपटीसाठी थांबलेल्या चाचांनी काठीने मडकं उलटवलं आणि मी पाला काढला.

लहानपणापासून पोपटी खाणारा मी, पण त्या वासाने मडक्यावर वाकूनच बसलो. कांदे काचेसारखे झालेले, वांगी बोट लावताच उकलत होती, आणि शेंगांना पातीचा गोड, धुरकट दरवळ. चूल नाही, फोडणी नाही, आणि आत हे एवढं! सासूबाईंनी तर मडक्याला हात जोडले.

शकूने रताळं तोंडात घातलं. "दादा, हा आपल्याकडचा वास नाही रे."

पण तिने वांगं घेतलं, मग कांदा, मग शेंगा सोलत बसली. तिला उलटी होईल म्हणून सासूबाईंनी सवयीने घमेलं जवळ ठेवलं होतं. आम्ही सगळे तिच्याकडे न बघितल्यासारखं करत वाट बघत होतो. ऊन कललं, तरी काही झालं नाही. खाऊन ती सासूबाईंच्या मांडीवर डोकं टेकून तिथेच झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून सासूबाईंनी पायही हलवला नाही, नुसतं खुणेने मला घमेलं आत न्यायला सांगितलं. चाचा तोंड फिरवून डोळे पुसत होते, म्हणे धूर गेला.

घाट उतरताना मी या माणसांचाच विचार करत होतो. मी बोगदे मोजायचेही विसरलो.

आईने दारातच विचारलं, "आपल्यासारखी झाली का?"

"नाही. पण पोटभर खाल्लं तिने. आणि सासूच्या मांडीवर झोपली."

आई पदराने डोळे टिपून म्हणाली, "लग्न मांडवात झालं होतं रे. पोरगी सासरी आज गेली."