गुरुवारी तीन ते पाच

आमच्या महिला मंडळाला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सवाला सोसायटीच्या हॉलमध्ये फुगे लावायचे की नाहीत, यावर मंडळात एवढी चर्चा झाली की तेवढ्यात कुणी पाच किलोच्या कोथिंबीर वड्या करून मोकळी झाली असती. शेवटी फुगे लागले, सोनेरी. मी खुर्चीवर चढून ते बांधत होते आणि मनात एकच वाक्य घोळवत होते: यंदा मला अध्यक्षपद नको, आणि गुरुवारही नको.

मंडळ माझ्या सासूबाईंनी काढलं. मुलुंडच्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर, दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच. गुरुवार अशासाठी, की त्या दिवशी कुणाकडे मासे नसायचे, त्यामुळे भांडी लवकर आटपायची. पुढे बिल्डिंग पाडली, तिथे टॉवर आला, गच्ची जाऊन एसीचा हॉल आला. वार आणि वेळ मात्र तीच राहिली.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाई मला गच्चीवर घेऊन गेल्या. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं की मी माझ्या सुनेला घरात कोंडून ठेवणार नाही, मी जिथे जाईन तिथे ती येईल. बायका मला चिमटे काढत म्हणाल्या, नशीब काढलंस गं. माझी आईही तेच म्हणाली. तेव्हापासून मी दर गुरुवारी मंडळात आहे. सतरंज्या झटकल्या, पाककलेच्या स्पर्धांना परीक्षक झाले, भोंडल्याला हत्ती काढला, सेक्रेटरी झाले. तक्रार करायची सोयच नव्हती. सासू सुनेला बाहेर सोडत नाही म्हणून रडता येतं. सासू सुनेला बाहेर नेते म्हणून कुणापुढे रडणार?

मला काय हवं होतं ते ऐकून तुम्ही हसाल. मला आमचं घर रिकामं हवं होतं. आधी दोन खोल्या, आता वन बीएचके, आणि त्यात कायम कुणी ना कुणी. सासरे, दीर, मुलं, गावाहून आलेले पाहुणे, आजारी, परीक्षेचे. आठवड्यातून एकदाच ते घर मोकळं व्हायचं, गुरुवारी तीन ते पाच, पुरुष कामावर, मुलं शाळेत आणि सासूबाई पाहुण्या बायकांना घेऊन मंडळात. आणि तेव्हा नेमकी मी तिथे नसायचे.

एकदाच होते. अंगात ताप होता म्हणून सासूबाई मला झोपवून, कपाळावर घडी ठेवून एकट्या गेल्या. दार ओढल्याचा आवाज आला आणि मी उठून बसले. पंखा बंद केला. सकाळचे गार पोहे कढईतूनच खाल्ले, उभ्याने. मग बाहेरच्या खोलीत जमिनीवर आडवी झाले, अगदी मधोमध, हातपाय पसरून. कुणी ओलांडून जाणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं की अशी का पडलीस. मी काहीही केलं नाही. मला इतकं बरं वाटलं की सासूबाई परत आल्या तेव्हा ताप उतरला होता, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

त्यानंतर खोटा ताप आणायचं धाडस झालं नाही. आता सासरे राहिले नाहीत, दीर वेगळा राहतो, मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा ऐरोलीला ऑफिसात. नवरा अंधेरीला जातो, पण पुढच्या वर्षी रिटायर होणार. खिडकीजवळची जागा त्याने आत्ताच हेरून ठेवली आहे, तिथे म्हणे मागे रेलायची खुर्ची येणार आणि तो तिच्यातून उठणार नाही. म्हणजे माझ्याकडे हे एकच वर्ष होतं.

कार्यक्रमाच्या आधी मी मावळत्या अध्यक्षबाईंना गाठलं. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, कामाला वाघ. त्यांना म्हटलं, माझं नाव घेऊ नका, प्लीज. त्यांनी माझ्या हातात हार दिला आणि म्हणाल्या की असं काय करतेस गं, आधी हा देवीच्या फोटोला घाल, मग बघू.

मंडळाचा इतिहास दरवर्षी मीच वाचते. कोकणातून आलेल्या भगिनी, नवं शहर, एकजूट, स्त्रीशक्ती. मला तो झोपेतही म्हणता येईल. मी माइक घेतला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, आज मी सांगते. त्यांचं वय ब्याऐंशी. दोघींनी धरून त्यांना वर आणलं.

त्या म्हणाल्या, स्त्रीशक्ती वगैरे काही नव्हतं. सगळ्यांचे नवरे गिरणीत. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपायचा, आणि दोन खोल्यांत बाईने वाटीसुद्धा आपटायची नाही. पोरांची तोंडं दाबून धरायची. शेजारणीशी बोलायचं तर खुणेने. असे आठवडेच्या आठवडे जायचे. एका गुरुवारी सासूबाई धाकट्या पोराला काखेत मारून गच्चीवर गेल्या आणि नुसत्याच मोठ्याने बोलत बसल्या, टाकीशी. आवाज ऐकून दुसरी आली, मग तिसरी. मंडळ ते एवढंच. नियमही एकच होता, तीन ते पाच खालून कुणी हाक मारायची नाही.

हॉलमध्ये आधी हसू आलं, मग मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. पस्तिसेक वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपले-उठले आणि हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी त्यांनी माझा हात धरला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "आता मंडळ हिचं. तापाचा तेवढा सोडला तर ही एक गुरुवार चुकली नाय."

टाळ्या थांबेनात. अध्यक्षबाईंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. माझं वाक्य अगदी जिभेवर होतं. मी म्हणाले, "सगळ्यांचे आभार." स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

घरी आल्यावर सासूबाईंच्या साडीच्या पिना काढत होते. त्यांनी विचारलं, तोंड का पाडलंस? मला आता थांबवेना.

"आई, मला गुरुवारी मंडळात नाही यायचं. मला घरी राहायचंय. एकटीला."

त्या माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "गो बाय, आधी नाय सांगायचं? एकटी कित्याक राहशील? मी पण नाय जात. दोघी बसू घरात."

मी समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुम्ही जा, मी तुम्हाला सोडून येईन, आणायला येईन. त्यांनी ऐकलं नाही. सुनेला घरात एकटं टाकून मजा मारायला जाणारी सासू आपण नाही, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. एकटं असणं कुणाला हवं असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरेना, आणि मला ते त्यांचं मन न दुखवता सांगता येईना.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी घरात बसलो. मी थकले आहे असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून टीव्ही लावला नाही. फोन आला तर हळू आवाजात बोलून ठेवला. पाणी प्यायला उठल्या तेव्हा भांडं दोन्ही हातांनी उचललं, आवाज होऊ नये म्हणून. मी आतल्या खोलीत पडून होते. मधूनच त्या दारात येऊन डोकावायच्या, मी झोपले आहे का बघायला. मी डोळे मिटून घ्यायचे.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तसंच. खालून हॉलमधल्या बायकांच्या हसण्याचा आवाज वर येत होता. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, गजाला धरून.

मी उठले, कपाटातून त्यांची निळी साडी काढली आणि म्हणाले, "चला आई. अध्यक्षच गेली नाही तर कसं चालेल?"

"तुला जायचंय ना पण?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून साडी जवळजवळ ओढूनच घेतली.