लाल पान

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की शाळेच्या संगणकावर धोक्याचं लाल पान आलं आणि तुम्ही ‘तरीही पुढे जा’ दाबलंत. म्हणून आजच लिहायला बसले.

मल्लेश्वरमच्या शाळेत मी मुख्याध्यापिका असताना आमचे संगणक सांभाळायला निपाणीकडचा एक माणूस होता. कुठलाही बिघाड असो, तो आधी ‘सरी’, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’, म्हणे आणि संगणकाची तारीख आपल्या मनगटी घड्याळाशी ताडून पाही. त्याच्या संथपणाचा मला राग येई.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दुपारी सगळ्या पडद्यांवर तेच लाल पान आलं. मुली रडकुंडीला आल्या.

“पुढे जा दाबा! पाचला अर्ज बंद होतात,” मी म्हणाले.

“पोरींनो, माऊस सोडा. हात वर!” तो ओरडला. मग माझ्याकडे वळला. “अक्का, पलीकडं कोण बसलंय कुणाला ठाऊक? पोरींचे आधार नंबर असेच द्यायचे काय?”

“आणि अर्ज चुकले तर?”

“मला शिव्या घाला की. स्वल्प थांबा.”

तारखा बरोबर होत्या. शाळेच्या इंटरनेटवर चाळणी लावणाऱ्या यंत्राचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं होतं. त्याने नवं बनवलं आणि एकेका संगणकावर बसवत गेला. त्याचा हात जराही भरभर चालेना. शेवटचा अर्ज गेला तेव्हा शिपाई पाचची घंटा द्यायला निघाला होता.

तो बरोबर होता की आमचं नशीब बरं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तो बोम्मसंद्राच्या कारखान्यात असतो. शाळेतल्या मुली मात्र लाल पान दिसलं की अजूनही माऊस सोडून हात वर करतात.