वेवजी ते कासा: माफी मागायला निघालेल्या दोघांसोबत

इंगरबाईंचा फोन जानेवारीत आला. ‘आम्ही मार्चमध्ये चाललो. कायमचं. यायचं तर आता ये,’ एवढंच म्हणाल्या. २०१८ चं वर्ष नुकतंच लागलं होतं, हातात दोन दिवसांचं काम होतं. ते एका दिवसात उरकलं आणि पिशवी भरली.

इंगरबाई आणि योहानदादा हे डेन्मार्कचं मिशनरी जोडपं. बरीच वर्षं तलासरी तालुक्यात वेवजीजवळ राहिलेलं. पूर्वी एका दैनिकाच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहिलं होतं, तेव्हापासूनची ओळख. ते प्रार्थना चालवत, पण लोक त्यांना ओळखत ते हातपंपांमुळे आणि मलमपट्टीमुळे. दादा पाड्यापाड्यांतले बंद हातपंप उघडून बसत आणि बाई सकाळी ओट्यावर जखमा धूत. आता दादांचे गुडघे गेले होते आणि मुलगी तिकडून बोलावत होती.

नाशिकहून डहाणूची एसटी सकाळी धरा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा घाटांचा रस्ता आहे, तिकीट तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास होतं. वळणं सोसत नसतील तर पुढची सीट पकडा आणि जव्हारपर्यंत काही खाऊ नका. जव्हारला गाडी थांबते, वडापाव बरा मिळतो. कासाला उतरून चारोटी नाक्यावर आलो की हायवे लागतो आणि तिथून तलासरीला गाड्या चालूच असतात. तलासरीहून पुढे शेअर जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. आमच्या ड्रायव्हरने एका आजीबाईंना अजून सरकायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता सरकले तर तुझ्या मांडीवर बसेन. चालंल का तुझ्या बायकोला?” सगळी जीप हसली, ड्रायव्हरने मुकाट्याने गिअर टाकला.

घराबाहेर खोकी बांधून ठेवलेली होती. दादा पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलतात, ‘आपण प्रवासाने श्रमला असाल’ वगैरे. बाई पाड्यातल्या बायकांसारखं बोलतात, सगळ्यांना अरे-तुरे. या भागात ती रीतच आहे, त्यात कोणी अनादर शोधत नाही. जेवायला नागलीची भाकरी, सुक्या बोंबलांची चटणी आणि वालाची भाजी होती. वाढत होता सुरेश. चाळिशीचा, त्यांचा ड्रायव्हर, पंप दुरुस्तीतला उजवा हात. विशीत असल्यापासून त्यांच्याकडे राहिलेला, तेव्हाच बाप्तिस्मा घेतलेला. लग्न केलं नाही. हे घर मार्चअखेर मालकाला परत जाणार होतं, म्हणजे सुरेशचीही खोली जाणार होती.

जेवण झाल्यावर दादांनी मला सगळं सांगितलं. सुरेशचं मूळ घर कासाजवळच्या एका पाड्यावर आहे. त्याचा मोठा भाऊ देवजी. वारल्यांमध्ये लग्नाचा विधी कधी कधी संसार सुरू झाल्यावर, पैसा जमला की होतो. देवजीचं लग्न निघालं तेव्हा त्याला मूलही झालेलं होतं. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढला जातो आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, त्याच्यापुढे गाणी म्हणतात. नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचवतात. देवजीला नाचवायचा मान सुरेशचा होता. दादांनी त्याला सांगितलं, तू आता देवीच्या चौकापुढे नाचू शकत नाहीस. सुरेश गेला नाही. देवजीला चुलतभावाने उचललं. त्या दिवसापासून भावांचं बोलणं बंद. वडील वारले तेव्हाही सुरेश लांब उभा राहून परतला.

“मी तेव्हा नवीन होतो,” दादा म्हणाले. “मला सगळं ठाऊक आहे असं वाटण्याचं वय होतं ते.”

आता एप्रिलमध्ये देवजीच्या मुलाचं लग्न होतं. त्याआधी देवजीची माफी मागायची आणि सुरेशला घरात परत घ्या म्हणून सांगायचं, असं दादांनी ठरवलं होतं. जाण्यापूर्वीचं हे एकच काम त्यांना उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, बाई आणि मी त्यांच्या जुन्या जीपने निघालो. गाडी सुरेश चालवत होता. हायवेवर ट्रकांची रांग होती, कासाच्या बाजारात दादांनी दोन किलो जिलबी घेतली. पाड्यावर जायचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, पावसात चारचाकी न्यायच्या भानगडीत पडू नका. झोपड्यांच्या अलीकडे चिंचेखाली गाडी थांबली. दादा सुरेशला म्हणाले, “तू इथेच थांब. आधी मी बोलतो.” सुरेशने मान हलवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

देवजीने आम्हाला खाटेवर बसवलं. बायकोने पाणी दिलं, मग कोरा चहा. त्याने भाताची गोष्ट काढली, दादांच्या गुडघ्यांची चौकशी केली, कोणतं झाडपाल्याचं तेल लावायचं ते सांगितलं. दादांनी चहा संपवून, तयारी केल्यासारखी, ओळीने सगळी वाक्यं म्हटली. चूक माझी होती, सुरेशची नव्हती. मला क्षमा करा. त्याला लग्नाला बोलवा, या घरात जागा द्या.

देवजीने अंगणातल्या कोंबड्यांना हुसकावलं. मग शांतपणे म्हणाला, “दादा, तवा पण तूच बोललास. आज पण तूच बोलतोस. त्याला तोंड नाही का?”

दादा म्हणाले, तो गाडीत आहे, बोलावतो.

“मला दिसतोय तो,” देवजी म्हणाला. “तू बोलावून आणू नको. त्याला यायचं तर त्याच्या पायानं येऊ दे. घर त्याचंच हाय. पण तू सांगितलं म्हणून आला, तर मला नको.”

चिंच तिथून शंभर पावलांवर होती. आम्ही अजून अर्धा तास बसलो. दादा सारखे तिकडे बघत होते. सुरेश उतरला नाही. त्याला थांब म्हणून सांगितलं होतं, तो थांबला होता. देवजीच्या बायकोने जिलबीतली अर्धी एका पानात बांधून परत दिली, ‘त्याला दे’ म्हणून.

परतताना बाईंना समुद्र बघायचा होता, म्हणून डहाणूला गेलो. खाणावळीत बोंबील फ्राय आणि तांदळाची भाकरी उत्तम होती, माणशी दीडशे रुपये. किनारा मोकळा, सुरूची झाडं, वाटेत चिकूवाल्या बायका. चिकू घ्यायचे तर थोडे कच्चेच घ्या, प्रवासात टिकतात. सुरेश गाडी पुसत थांबला होता. देवजी काय म्हणाला ते दादांनी त्याला जसंच्या तसं सांगितलं होतं. तो ‘बरं’ एवढंच म्हणाला होता.

वाळूवर बसल्यावर बाई नवऱ्याला मराठीतच म्हणाल्या, बहुधा मलाही कळावं म्हणून. “आज निघायच्या आधी तू सुरेशला विचारलंस का, तुला काय पाहिजे?”

दादांनी बूट काढले, वाळू झटकली, पुन्हा घातले. 

मी तिथूनच लॉजवर गेलो, सातशे रुपये, खोली स्वच्छ. सकाळच्या एसटीने घरी.

ते दोघं ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये गेले. मे महिन्यात बाईंची मेल आली: लग्नाला सुरेश गेला का? त्याला विचारलं तर नीट सांगत नाही. मी फोन लावला. तो आता उंबरगावच्या एका कारखान्यात लागला होता, तिथेच चौघांत खोली घेतली होती. म्हणाला, जायचं ठरवलं होतं, सदरासुद्धा आणला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी दादांचा फोन आला डेन्मार्कहून, ‘नक्की जा’ म्हणून.

“मग कसा जाऊ?” सुरेश म्हणाला. “देवजीनं विचारलं असतं, दादांनी पाठवलं का, तर खोटं बोलता आलं नसतं.”

मी बाईंना खरं तेच कळवलं. त्यांनी काही दिवस ते स्वतःजवळ ठेवलं आणि मग दादांना सांगितलं.

या सहलीचं लिहायला घेतलं तेव्हा सुरेशला पुन्हा फोन करून विचारलं, लिहू का? तो म्हणाला, लिही, नावं मात्र सगळ्यांची बदल. तशी बदलली आहेत. तो भाग बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला, सुटे पैसे आणि पाणी जवळ असू द्या. मला त्या तीन दिवसांतलं आठवतं ते चिंचेपर्यंतचं अंतर. कोणालाही चालता आलं असतं इतकं ते थोडं होतं, आणि आम्ही तिघंही खाटेवर बसून ते बघत राहिलो.

‘लिहू का’ विचारलं तो फोन ठेवण्याआधी सुरेशने मला एक विचारलं. दादा आधी दर रविवारी फोन करायचे, आता करत नाहीत. “माझं काय चुकलं का?”