बरं वाटलं की सुई बंद

डॉक्टरांच्या घरात किस्से साठतात ते दवाखान्याच्या दारातल्या चपलांसारखे; कुणी कधी सोडून गेलं, कळत नाही. लग्न होऊन कल्याणला आले, तेव्हा मामंजींचा दवाखाना आमच्या माजघराला लागूनच होता. नव्या सुनेनं फार बोलायचं नसतं. ऐकायला मात्र कुणाची बंदी नव्हती.

पेनिसिलिनचं तेव्हा भारी अप्रूप. सासूबाईंना गळू झालं, मामंजींनी सुया सुरू केल्या. ठणका थांबल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे. उरलेलं ठेवून द्या, पुढच्या गळवाला होईल."

"लोणचं आहे का ते?" मामंजी म्हणाले.

डोंबिवलीचे एक मास्तर साध्या सर्दीसाठी तीच सुई मागायला आले. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. "वधूपित्यानं शिंकत बसणं बरं दिसत नाही, डॉक्टर." मामंजींनी आपला धुतलेला रुमाल काढून त्यांच्या हातात ठेवला.

रामा कोपर गावचा, मिठागरावर राबलेला. त्याला क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाटल्या तो विकत आणायचा आणि सुई आमच्याकडे टोचून घ्यायचा. खोकला थांबला, अंग भरलं, तसा यायचाच बंद झाला. मामंजींनी निरोप धाडला, तेव्हा ताडगोळे घेऊन हजर.

"बरा झालो ना मी, दाक्तर."

"आणि उरलेल्या बाटल्या?"

"मोहने गावातल्या माझ्या साडूला दिल्या. त्याला पण खोकला हाय. चांगली वस्तू एकट्यानं खाऊ नये."

पावसाळा सरला आणि रामा परत आला, रक्त थुंकत. औषध तेच, पण ताप हलेना. "दुकानदारानं पाणी भरून दिलं," रामाची बायको म्हणाली. मामंजी आत आले, माझ्याकडे पाणी मागितलं. "दुकानदार बिचारा काय करील? कच्चे जंतू पहिल्या सुयांनी मेले गं. चिवट होते ते उरले. आता सगळी त्यांचीच पिलावळ."

रामाची सून सखू माझ्याच वयाची, लग्नही माझ्याच मोसमातलं. सासऱ्याचं थुंकीचं भांडं तीच धुवायची. थंडीत तिलाही खोकला धरला. मामंजींनी बजावलं, "बरं वाटलं तरी यायचं. एकही सुई चुकवायची नाही."

सखू येत राहिली, पदराच्या गाठीत बाटली बांधून. ओसरीवर टेकली की माझ्या बांगड्यांकडे बघायची. तिच्या स्वतःच्या आता कोपरापर्यंत घसरत. एकदा मामंजी तिची नाडी बघत होते. तेवढ्यात ती बोलली.

"मी तर एक पण चुकवली नाय, दाक्तर. याच्या आधी जन्मात कधी सुई घेतली नाय. मग मला का लागू पडत नाय?"

मामंजींनी हात धुतले आणि सुई उकळायला ठेवली.