प्लेटच्या पाठीवरचा लाल

रंगाची कुठलीही वस्तू हातात आली, की तो आधी ती खिडकीशी न्यायचा. "ट्यूबलाइटवर आपला इस्वास न्हाई," असं म्हणायचा आणि एक डोळा बारीक करायचा. एकदा माझ्याकडे नुसतं लांबूनच बघून म्हणाला, "ताई, ड्रेस आन् ओढणी एका ताग्यातली न्हाई." मी तो जोड म्हणून घेतला होता. त्या दिवसापासून तो ड्रेस मी कपाटातून बाहेर काढलेला नाही.

तो कुरुळीचा. घरची थोडी शेती, आणि चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत रंगाच्या खात्यात नोकरी. दरवाजाचा रंग आणि बंपरचा रंग एकसारखा दिसतो की नाही, हे बघणं त्याचं काम. "दिवसभर नुसतं बघायचं आन् पगार घ्यायचा," असं तो सांगे, पण सांगताना छाती थोडी पुढे येई.

मी त्याच भागात, पहिल्या मजल्यावरच्या एका छोट्या लॅबमध्ये बुरशी तपासते. सांगवीहून रोज जा-ये करते. बुरशी म्हटलं की लोकांना लोणच्याची बरणी आठवते. माझी बुरशी माणसांच्या अंगावरची. नायटा, गजकर्ण म्हणतात ती. या पट्ट्यात तिला तोटा नाही. जाड गणवेश, ओव्हरटाइमचा घाम, एका खोलीत चौघंजण आणि चौघांचे टॉवेल एकाच दोरीवर. तुम्हीही पाहिलं असेल, माणसं खोकला चारचौघांत सांगतात, हे मात्र सांगत नाहीत. औषधाच्या दुकानात आवाज खाली करून ट्यूब मागतात. ती लावली की थोडे दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येईपर्यंत निम्मं अंग व्यापलेलं असतं.

तोही तसाच आला. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "माझं न्हाई हे. मित्राचं हाय. त्यो लाजतो."

"मित्राला पाठवा. त्वचा खरवडून घ्यावी लागते."

"त्यो न्हाई यायचा."

"मग चिठ्ठीवर नाव तुमचं कसं?"

त्याने बराच विचार केला. "मित्राचं बी तेच नाव हाय."

खोटं बोलणारे आमच्याकडे रोज येतात, पण इतकं बिचारं खोटं मी ऐकलं नव्हतं. पुरुषांचे नमुने घेणारे आमचे सहकारी नेमके रजेवर होते. शेवटी त्याने भिंतीकडे तोंड केलं, शर्ट वर केला, पट्टा सैल केला आणि म्हणाला, "मित्राची कंबर समजा." पट्ट्याच्या जागी कंबरेभोवती नायट्याचा विळखा पडला होता आणि तो खाली उतरत गेला होता. मी पात्याने वरचा पापुद्रा अलगद खरवडून घेतला. त्याचे कान तापून लाल झाले होते.

ही बुरशी उगवायला आठवडे घेते. पहिली शिफ्ट सुटली की तो अधूनमधून डोकावायचा. "मित्राचं काय म्हणतंय?"

"मित्र अजून उगवला नाही."

या खेळात मला मजा येऊ लागली होती, हे कबूल करते. हळूहळू मित्राला घर-संसार फुटला. मित्राला मीटिंगमध्ये खाज सुटते, तो उठून बाहेर जातो, साहेबाला वाटतं बिडी ओढायला गेला. मित्र ओला टॉवेल कुणी बघू नये म्हणून पलंगाखाली वाळत घालतो. मी हसायचे, तोही हसायचा.

एका दुपारी प्लेट, म्हणजे नमुना वाढवायची झाकणाची पारदर्शक बशी, तयार होती. वरून कापसासारखी पांढरी. उलटी केली, तर पाठीवर गडद लाल, कोकमाच्या आगळासारखा. ही जात वाढताना स्वतःचा रंग बनवते आणि तो खाली, तिच्या अन्नात उतरतो. माणसाच्या अंगावर तो दिसत नाही. हल्ली आमच्याकडे फिक्या, मळकट पाठीच्याच जास्त येतात, असा लाल क्वचित. मी खुशीत होते. खरं तर रोग्याला प्लेट दाखवायची पद्धत नाही, पण ती बंद होती, आणि असा लाल याला दाखवायचा नाही तर कुणाला?

त्याने ती खिडकीशी नेली. खूप वेळ बघितली. वळला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "ताई, हा आमचाच लाल. मागं ही शेड चालू व्हती लाइनवर. म्हंजी कंपनीचा रंगच गेला की आत. तसं लिहून द्या."

मी खदखदून हसले. मग समजावलं, की हा रंग बुरशीने स्वतः केला आहे, कंपनीच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि ही एकाकडून दुसऱ्याला जाते, टॉवेलातून, अंथरुणातून.

"म्हंजी रंगाचं न्हाईच हे?"

"नाही."

तो स्टुलावर बसला. "मित्र आईला सांगनार व्हता, कंपनीच्या रंगानं झालं म्हणून. कुणाचाच दोष न्हाई राहिला असता."

मग तो हळूहळू बोलत गेला. मित्राच्या बायकोलाही झालं होतं. तिला मानेवर आणि हातांवर, सगळ्यांना दिसेल असं. मित्राचं कपड्याखाली, त्यामुळे घरात कुणालाच पत्ता नाही. मित्राची आई म्हणाली, सून माहेराहून घेऊन आली. तिचं ताट-तांब्या वेगळं केलं. तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, स्वतःच्या मुलीला जवळ घेऊ देत नाहीत.

"आणि मित्र काय करतो?"

"जेवतो की. आईच्या हातचं." त्याने मान वर केली नाही.

आम्ही दोघं इथं हसत होतो तेव्हा कुरुळीत एक बाई दाराबाहेर बसून वेगळ्या ताटात जेवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जरा कडकच बोलले. मित्राला म्हणावं, आईला खरं सांग, आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्या, नाहीतर हे घरातच फिरत राहील.

"आईला कसं सांगायचं, ताई? जागा कुठली हाय ती बघा की," तो म्हणाला. थोड्या वेळाने उठला. "सांगतो मित्राला."

रिपोर्ट न्यायला तो आला नाही. पुन्हा कधीच वर आला नाही.

पुढे काही महिन्यांनी एक बाई चिठ्ठी घेऊन आली. पत्ता कुरुळीचा, आणि मधलं नाव माझ्या ओळखीचं. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, आणि मी आत बोलावल्यावर उठताना आपल्याच पदराने खुर्ची पुसून आली. मी मानेवरून नमुना घेत असताना ती म्हणाली, "आमचं मालक म्हणत व्हतं, तुमाला रंगावरनं कळतं."

"कुठली बुरशी आहे ते कळतं."

"कुणापासनं आली, ते?"

पातं माझ्या हातात होतं. एका रोग्याचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमचा नियम, आणि तो योग्यच आहे. रंगावरून एवढं कळत नाही, हेही खरं. "ते नाही कळत," मी म्हटलं. सगळं खरं बोलूनही मला तिच्याकडे बघवेना. "पण घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांना दाखवा. मालकांनाही."

"त्यांना कायबी न्हाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "देवाची दया. मी लांबच ऱ्हाते ना."

ती गेल्यावर मी गॅलरीत आले. खाली तो मोटारसायकल चालू ठेवून बसला होता. हेल्मेट काढलेलं नव्हतं, वर बघितलं नाही. मी हाक मारली नाही. ती आली, दोघांच्या मध्ये सीटवर आपली पिशवी उभी ठेवली आणि अगदी मागे, कॅरिअर धरून बसली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात गाडी जोरात उसळली, तरी तिने त्याच्या खांद्याला हात लावला नाही.